वहिनींना बर्फावर कोणी उभे केले

आमच्या अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या मराठी मंडळींत गेली दोन वर्षे एक हकिगत सांगितली जाते. मी ती सत्यनारायणाच्या प्रसादानंतर ऐकली आहे आणि एका बारशातही ऐकली आहे. हकिगत अशी की, जानेवारीतल्या लाँग वीकेंडला आम्ही काही कुटुंबे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, जंगलातल्या बर्फाच्या वाटेवर स्केटिंग करायला गेलो. तेथे मी बर्फाला घाबरलो. घाबरलो हे दिसू नये म्हणून सगळ्यांचे बूट सांभाळायच्या निमित्ताने बाकावर बसून राहिलो. आमच्या डॉक्टरांनी माझ्या पत्नीचा हात धरून तिला सगळी वाट फिरवून आणली आणि एका दुपारीच स्केटिंग शिकवले. आणि ते पाहून मी असा रुसलो की घरी पोहोचेपर्यंत तोंडातून अक्षर काढले नाही.

यातला मत्सर खरा आहे. तो मला झाला, आणि तो पूर्णपणे गेला आहे असे मी आजही लिहिणार नाही. बाकीची विधाने मात्र एकेक करून तपासण्याजोगी आहेत. मी आयुष्यभर पुलांच्या कामावर होतो. अमुक खांब भक्कम आहे असे कुणी नुसते सांगितले म्हणून मानायची मला सवय नाही.

माझ्या बाजूने सांगितली जाणारीही एक हकिगत आहे, आणि तीही मी नाकारतो. माझी मुलगी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला असते. तिने कुणाला तरी फोनवर सांगितले की बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून ते बर्फावर उतरले नाहीत. तिचा हेतू चांगला होता. माझे गुडघे उत्तम आहेत.

आता डॉक्टरांविषयी. ते मूळचे पुण्याचे, मी अमरावतीचा. या देशात आम्ही एकाच सुमारास आलो, एकाच अपार्टमेंट इमारतीत वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहिलो आणि आमची मुले एकमेकांच्या घरी जेवून मोठी झाली. डॉक्टर भूलतज्ज्ञ होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी माणसांना झोपवण्याचे काम केले आणि बोलायला बसले की अजूनही थोडेफार तेच करतात, असे मी त्यांच्या तोंडावर म्हणत असे, तेव्हा तेही हसत. काही वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली. त्यानंतर ते दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागले. त्यांना बोलावले मीच. ही गोष्ट सांगताना लोक नेमके हे वाक्य गाळतात.

माझी पत्नी त्यांना भाऊजी म्हणते आणि ते तिला वहिनी म्हणतात. हे शब्द फार सोयीचे आहेत. माणूस एकदा भाऊजी झाला की त्याला आमटीत मीठ कमी पडले असे सांगता येते, वहिनींच्या नव्या स्वेटरचा रंग छान आहे असे नवऱ्यासमोर म्हणता येते, आणि नवऱ्याला त्यावर हरकत घ्यायला जागा उरत नाही. हरकत घेतलीच तर हलके कोण ठरते, हे सांगायला नको.

डॉक्टरांनी रेसिडेन्सी मिनेसोटाच्या कडाक्याच्या थंडीत केली. त्यामुळे बर्फाचा विषय निघाला की मैदान त्यांचेच, असा आमच्या मंडळींचा समज आहे. अमरावतीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला बर्फावरचे काय कळणार, असेही कोणी कोणी गमतीने म्हणतात. त्यांना हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून ते विसरले आहेत, की आमची मुले लहान होती तेव्हा गावातले तळे दर हिवाळ्यात गोठत असे. बर्फ पुरेसा जाड झाला की नगरपालिकेचा माणूस काठावर तशी पाटी लावून जाई, आणि पाटी लागली की त्याच संध्याकाळी मी दोन्ही मुलांना घेऊन तेथे हजर असे. जुने स्केट्स मी एका गराज सेलमध्ये घेतले होते. कुणी शिकवले नाही. मी पाहून शिकलो. पुढे तळे गोठेनासे झाले. आता तर तेथे जानेवारीतही बदके पोहतात. पाटी लागत नाही, म्हणून मी बर्फावर कधी उतरलोच नव्हतो असे कुणी मानत असेल तर तो दोष हवामानाचा आहे.

त्या वर्षांत माझी पत्नी काठावर उभी असायची. मी दरवेळी तिला म्हणे, "चल, एक फेरी मार." ती म्हणायची, "मी पडले तर पोळ्या कोण लाटणार?" मी काठाशी येऊन हात पुढे केला की ती त्या हातात थर्मासचे झाकण ठेवायची, चहा ओतून. मी चहा पिऊन पुन्हा आत जाई. असे एकाच हिवाळ्यात झाले नाही, मुले मोठी होईपर्यंत झाले. तिला बर्फ आवडत नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली आणि तो विषय संपला असे धरून चाललो.

हे सगळे आधी सांगायचे कारण इतकेच की, त्या जंगलातल्या बाकावर मला काय झाले ते यावाचून समजणार नाही.

ती जागा सुंदर होती, हे मी मान्य करतो. एका जुन्या उद्यानातली पायवाट. थंडी पडली की तेथली माणसे रात्री तिच्यावर पाणी सोडतात आणि थरावर थर गोठवून बर्फाची वाट तयार करतात. पाइनच्या दाट झाडांतून ती वळणे घेत जाते, एका ओढ्यावरच्या लहान लाकडी पुलावरून जाते आणि मोठा फेर घेऊन दुसऱ्या बाजूने त्याच जागी परत येते. पुलाच्या तिरप्या आधाराच्या कैच्या लांबूनही चांगल्या बसवलेल्या दिसत होत्या. सुरुवातीला एक उघडी पडवी होती, तिच्यात बाके, आणि शेजारी स्केट्स भाड्याने देणारी खिडकी. लोक बाकावर बसत, पायातले बूट काढून खाली ढकलत, स्केट्स बांधत आणि निघून जात.

आम्हीही तसेच निघालो असतो. पण आमच्या गटात मंडळाच्या एक माजी अध्यक्षा होत्या. त्या बाकाखाली वाकून पाहत म्हणाल्या, "कुणीतरी बुटांपाशी थांबायला हवं."

"इथे कोण नेणार तुमचे बूट?" डॉक्टर म्हणाले.

"नेत नाहीत हो, बदलतात. दिवाळीला देवळात काय झालं? माझे नवे बूट घालून कोण घरी गेलं ते अजून कळलं नाही. तिचे मात्र माझ्याकडे राहिलेत, अर्धा नंबर लहान."

यावर कुणी हसले नाही, कारण त्या देवळाबाहेर प्रत्येकाचे काही ना काही बदललेले आहे. सगळ्यांचे बूट काळे, सगळ्यांची दुकाने तीच. तेव्हा कुणीतरी थांबायचे हे ठरल्यासारखे झाले आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागले. माझी पत्नी मला म्हणाली, "तुम्ही थांबता का? पहिली फेरी या सगळ्यांची होऊ दे. मग मी बसते, तुम्ही जा."

हे तिचे शब्द आहेत. बुटांची कल्पना माझी नव्हती आणि थांबण्याचीही नव्हती. मी थांबलो तो माझी पाळी दुसरी आहे या करारावर. शिवाय ती स्वतः बर्फावर जाणार आहे असे त्यात कुठेही नव्हते. ती पडवीच्या कठड्याशी उभी राहून पाहणार, असेच मी धरून चाललो होतो.

डॉक्टर स्केट्स बांधून उभे राहिले, वळले आणि म्हणाले, "वहिनी, येताय ना?"

ती म्हणाली, "येते की."

पोळ्या नाहीत, पडण्याची भीती नाही, काही नाही. तिने खिडकीवर जाऊन आपला नंबर सांगितला, स्केट्स आणले, माझ्याच शेजारी बसून ते बांधले, आपले बूट माझ्या पायाशी नीट जोडून ठेवले आणि डॉक्टरांनी पुढे केलेला हात धरून ती बर्फावर उतरली. मी तिला जितके हिवाळे विचारले त्या सगळ्यांना ओलांडून ती त्या दोन शब्दांत गेली. पहिल्या वळणावर पाइनची झाडे आहेत. त्यांच्यामागे तिचा लाल स्कार्फ दिसेनासा झाला.

मी बसून राहिलो. अमेरिकन लोक येत होते, माझ्या बुटांच्या रांगेशेजारी आपले बूट टाकून, मागे वळून न पाहता जात होते. एका बाईंनी मला विचारले की परत करायचे स्केट्स कुठे ठेवायचे. एका तरुणाने मला नऊ नंबर आहे का असे विचारले. मी दोघांनाही खिडकी दाखवली. तिसऱ्याने काही न विचारता आपली पिशवी माझ्यापाशी ठेवली आणि आभार मानले. मी त्या जागेचा नोकर नाही हे त्याला सांगावेसे वाटले. पण सांगितले असते तर मग मी तेथे कोण आहे याचे उत्तर द्यावे लागले असते.

आमची मंडळी एकेक करून दुसऱ्या बाजूने परतू लागली. माजी अध्यक्षा आल्या, त्यांचे यजमान आले. माझी पत्नी आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी आले. आधी तिचे हसणे ऐकू आले, मग दोघे दिसले. तिने त्यांचा दंड धरला होता. तिचे गाल थंडीने लाल झाले होते आणि ती मला इतकी तरुण दिसली की क्षणभर मी तिच्याकडे परक्यासारखा पाहत राहिलो.

"अहो, काय मजा आली," ती म्हणाली. "तुम्ही यायला हवं होतं."

"वहिनींना उभं केलं बघा बर्फावर," डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "यार, नॅचरल आहेत. उगाच इतकी वर्षं फुकट घालवली."

"माझी फेरी," मी म्हणालो.

पण तेवढ्यात वाट बंद करायला माणूस आला. रात्री तेथे पुन्हा पाणी सोडतात. माझी पाळी आलीच नाही. हा भयाचा पुरावा कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगावे.

राहिला मौनाचा आरोप. गाडी डॉक्टरांची होती. माझ्या पत्नीला डोंगरातल्या वळणांवर मळमळते, म्हणून ती पुढे बसली; तसे बसायला मीच सांगितले होते. मी मागे, खाण्याच्या पिशव्यांबरोबर. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा मी विचारले, "चहा कुणाला हवाय?" हे मी स्पष्ट आवाजात विचारले. त्या वेळी पुढे बसलेले दोघे, वळताना वजन आतल्या पायावर घ्यायचे की बाहेरच्या, यावर बोलत होते आणि त्यांना ऐकू गेले नाही. तेव्हा मी गप्प होतो असे म्हणणे चूक आहे. मला उत्तर मिळाले नाही असे म्हणावे.

पुढच्या रविवारपासून डॉक्टरांची हकिगत सुरू झाली. आधी आमच्या जेवणाच्या टेबलावर, मग इतरांच्या. दर वेळी वाट थोडी लांब होई आणि माझा बाक थोडा मागे जाई. 'वहिनींना बर्फावर उभं केलं' हे वाक्य मात्र कायम. मुलीपर्यंतही ते पोहोचले. तिने व्हिडिओ कॉलवर मला पाहताच म्हटले, "बाबा, यू आर सो जेलस."

"कशाबद्दल?"

"आई वेंट स्केटिंग विथ काका, अँड यू सॅट विथ द शूज."

"कुणीतरी बसायलाच हवं होतं."

"नोबडी सिट्स विथ शूज, बाबा. इन द होल कंट्री."

मी फोन तिच्या आईकडे दिला.

शरद ऋतू सुरू झाला तसे मी नवे स्केट्स घेतले आणि आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जवळच्या बंदिस्त रिंकवर जाऊ लागलो. सकाळी तेथे निवृत्त माणसे असतात. मी पडलो. कोणत्या बाजूवर आणि किती, ते सांगण्यासारखे नाही. पण पाय विसरत नाहीत. पानगळ संपेपर्यंत मी कठड्याला न धरता फेऱ्या मारू लागलो होतो. यात लपवाछपवी काही नव्हती. मी पत्नीला पहिल्याच दिवशी सांगितले होते. ती म्हणाली, "जा. हेल्मेट घाला."

"तूही चल."

"तिथे? बंद खोलीत गोल गोल? त्यात काय आहे."

"बर्फ आहे."

"जंगलात असेल तर येते," ती म्हणाली आणि फोनमध्ये पाहू लागली. फोनमध्ये बर्फाच्या वाटांची चित्रे होती: कुठे गोठलेल्या नदीवरून जाणारी, कुठे रात्री कंदील लावलेली, कुठे शिकागोच्या मध्यावर उंच इमारतींमधून नागमोडी फिरणारी. ही चित्रे तिला पाठवीत कोण होते, ते मी विचारले नाही. रविवारी जेवताना दोघे त्यांवर बोलत. व्हरमाँटमधल्या एका तळ्याचे नाव वारंवार निघू लागले. काठाकाठाने सगळ्या तळ्याला वळसा घालणारी वाट तेथे बर्फावरचे हिम नांगरून मोकळी ठेवतात आणि ती इतकी लांब आहे की पलीकडच्या काठाला शेकायला एक झोपडी लागते. डॉक्टर म्हणाले, "वहिनींना ती दाखवायलाच हवी." मी भात वाढून घेतला.

त्या हिवाळ्यात आम्ही व्हरमाँटला गेलो. गट तोच. बूट गाडीत ठेवून, कुलूप लावून, गाडीपासून काठापर्यंत जाड मोज्यांवर चालत जायचे, हा ठराव मी मांडला आणि माजी अध्यक्षांनी अनुमोदन दिले. काठाशी बसून मी माझे स्वतःचे स्केट्स बांधले.

"काय हो इंजिनिअर," डॉक्टर म्हणाले, "आज बोहल्यावर चढणार वाटतं."

"तुमच्या लेस बांधा," मी म्हणालो.

त्यांच्या लेस बांधून व्हायच्या आत मी पत्नीचा हात धरून बर्फावर उतरलो. घाई केली हे खरे आहे, आणि ती मुद्दाम केली.

तळ्यावरचा बर्फ रिंकसारखा नसतो. तो काळसर, पारदर्शक, ठिकठिकाणी पांढरे तडे गोठलेला. पायाखाली खोलवर अडकलेले बुडबुडे दिसतात. दूरवर कुठेतरी तो फुगतो आणि मग सगळे तळे कण्हल्यासारखा आवाज येतो. तो आवाज आला तेव्हा मी थांबून तिला सांगू लागलो की यात धोका नाही, बर्फ जाड आहे, तापमान बदलले की तो पसरतो.

"माहितेय," ती म्हणाली. "मी वाचलंय."

आम्ही पुढे गेलो. मी तिला उजव्या बाजूला ठेवले होते, काठाकडे. ऊन होते, वारा नव्हता, आणि पाच-दहा मिनिटे मला असे वाटले की जे मला तरुणपणी मिळायला हवे होते ते उशिरा का होईना मिळाले आहे. मागे डॉक्टरांच्या स्केट्सची पाती खरडल्याचा आवाज येत होता. तो मागे पडत गेला, तेही मला बरे वाटले.

"हात जरा सैल धरा," ती म्हणाली.

मी सैल केला.

थोड्या वेळाने म्हणाली, "सोडा आता."

"पडशील."

"नाही पडत. भाऊजींनी पहिल्याच वळणावर सोडला होता."

मी थांबलो, म्हणून तिलाही थांबावे लागले. "म्हणजे? सगळी वाट हात धरून नेली ना त्यांनी?"

"कोण म्हणालं?"

"ते म्हणतात. वर्षभर सगळीकडे म्हणताहेत."

"म्हणेनात. झाडांमागे गेलो आणि त्यांनी हात सोडला. म्हणाले, वहिनी, आता तुमचं तुम्ही बघा. दोनदा पडले, उठले. शेवटी पडवीजवळ जरा चढ होता, तिथे दंड धरला त्यांचा."

"दोनदा पडलीस? मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे. तुम्ही चहाचं विचारत होतात."

म्हणजे चहाचे तिने ऐकले होते. पण त्या वेळी मला दुसरेच विचारायचे होते, आणि ते मी विचारले. "मला इतकी वर्षं नाही म्हणायचीस. त्यांना एका विचारण्यात हो."

तिने स्केटच्या टोकाने बर्फ खरवडला. मग म्हणाली, "तुम्ही विचारायचात कधी? चल म्हणायचात. आणि हात धरला की ओढायचात. मुलांनाही ओढायचात. धाकटा रडायचा."

"तो थंडीने रडायचा."

"बरं," ती म्हणाली.

हे मला मान्य नाही. मी ओढत नसे. लहान मुलाला बर्फावर आधार द्यायचा तर हात घट्ट धरावाच लागतो. पण ती असे म्हणाली आणि मी येथे इतरांच्या हकिगती तपासत असताना तिची गाळणे बरोबर होणार नाही. मी हेच तिला समजावून सांगत होतो, आणि सांगताना तिचा हात माझ्याच हातात होता. तिने तो हळूच मागे घेतला. तिचा लोकरी हातमोजा माझ्या मुठीत राहिला. उघडा हात कोटाच्या खिशात घालून ती निघाली. मी तिला हाक मारली नाही. ती सुंदर स्केटिंग करत नाही. पाय जरा फाकवून, भांडी घेऊन चालल्यासारखी सावध जाते. पण जाते. काठाचे एक टोक तळ्यात पुढे आले होते, त्याला वळसा घालून ती दिसेनाशी झाली.

मागून डॉक्टर आले, धापा टाकत. "वहिनी कुठे?"

"पुढे."

"एकट्या?"

"तुम्हीच शिकवलंत ना," मी म्हणालो. "पहिल्या वळणापर्यंत."

ते माझ्या हातातल्या हातमोज्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सांगितलं वाटतं त्यांनी."

"सांगितलं. मग सगळीकडे हात धरून, हात धरून, हे काय लावलंय?"

"अहो, आमची ही गेल्यापासून माझ्याकडे सांगण्यासारखं नवीन असं काय घडलंय? एवढं एकच. ते जरा मोठं करून सांगतो. तुमचं त्यात काय जातं?"

माझे त्यात काय जात होते, हे मी त्यांना सांगू शकलो असतो. पण त्यांच्या पत्नीचा उल्लेख आल्यावर ते भांडण मला पुढे नेता येईना, आणि भांडण असे मधेच हातातून जाणे मला आवडत नाही. मी एवढेच म्हणालो, "माझा बाक तरी जागेवर ठेवा."

"ठेवतो," ते म्हणाले. "चला, त्यांना गाठू."

आम्ही दोघांनी तिला गाठायचा प्रयत्न केला. मी डॉक्टरांच्या पुढे होतो. ते म्हणतात आम्ही बरोबरीने होतो, तसे नाही. काठाच्या त्या टोकाला वळसा घातला तर समोर मोकळा बर्फ आणि खूप दूर लाल ठिपका. आम्ही वेग वाढवला की तो ठिपका तेवढाच दूर राही. डॉक्टर मधे दोनदा थांबले. मीही थांबलो, त्यांच्यासाठी.

पलीकडच्या काठाशी ती झोपडी होती, दारात लाकडे पेटवलेली. माझी पत्नी ओंडक्यावर बसली होती. तिच्या शेजारी आमच्याच वयाचा एक अमेरिकन माणूस, पांढरी दाढी, ठिगळे लावलेला कोट. तो हाताने तळ्याच्या एका बाजूकडे दाखवत काही सांगत होता आणि ती मान हलवत ऐकत होती. तिच्या उघड्या हातात त्याचा मोठा कातडी हातमोजा होता.

डॉक्टर माझ्या कानाशी म्हणाले, "हा कोण?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

आम्ही दोघे तसेच उभे राहिलो. मला पूर्वी जे वाटले होते तेच पुन्हा वाटले, तितकेच, पण या वेळी शेजारच्या माणसालाही तेच वाटत आहे हे मला त्याच्या श्वासावरून कळत होते. मी पुढे होऊन तिचा लोकरी हातमोजा तिला दिला. तिने तो घेतला, खिशात ठेवला आणि म्हणाली, "राहू दे, हा जास्त गरम आहे." मग त्या माणसाला इंग्रजीत सांगितले की हे माझे मिस्टर, आणि हे यांचे मित्र. यांचे मित्र, असे म्हणाली. डॉक्टरांनी ते ऐकले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचे मी टाळले, पण पाहिले.

तो माणूस उठून आमच्याशी हात मिळवून गेला. जाताना तो हातमोजा तिच्याकडेच राहू दे, परतताना झोपडीत ठेवा, असे म्हणाला. ती म्हणाली की तळ्याच्या उत्तरेला एक खाडीसारखी अरुंद जागा आहे, तेथे वारा पोहोचत नाही आणि बर्फ काचेसारखा असतो. तेथपर्यंतची वाट त्याने आजच मोकळी केली आहे. सांगता सांगता ती उभी राहिली आणि पाती बर्फावर ठोकून तिने त्यांना चिकटलेले हिम झटकले.

"मी जातेय तिकडे," ती म्हणाली. "तुम्ही येता का दोघं?"

मी दमलो होतो. डॉक्टर तर ओंडक्यावर बसायच्या बेतात होते. पण तिने विचारले होते, आणि मी हो म्हटले. डॉक्टरांनीही हो म्हटले, पण माझ्यानंतर. ते याबाबत वेगळे सांगतात.